गरम पाण्याची पिशवी कशी बनते

३ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार, आशीर्वाद, खुशाली यांतलं काही या पत्रात नाही. तुमचा पत्ता तुमच्या त्या वेल्डर दोस्ताकडून काढला. त्याने फोन नंबरही दिला होता. पण फोनवर समोरचा मधेच बोलतो आणि आपलं राहून जातं. पत्रात मधे कोणी बोलत नाही. शिवाय दहा वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे पाठ फिरवलीत ती फिरवलीतच. फोन उचलाल याची काय खात्री?

घरचं थोडक्यात सांगते. तुमचे दादा आहेत तसे आहेत. उजवा हात कोपराच्या वर संपतो, ते तुम्हाला माहीतच आहे. डाव्या हाताने सही करायला शिकले, बटणं लावायला शिकले, भांडायला मात्र अजून शिकले नाहीत. मी कारखान्यातच आहे, तपासणीला. तयार पिशवीत हवा भरायची, तोंड दाबून टाकीतल्या पाण्यात बुडवायची, बुडबुडा आला की बाजूला टाकायची. पाण्याने माझी बोटं कायम धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली असतात. नोकरी मोठ्या साहेबांनीच दिली, दादा हॉस्पिटलात असतानाच. उपकारच म्हणायचे.

आता मुद्द्याचं. टीव्हीवरची ती मालिका आठवते ना, घरातल्या वस्तू कारखान्यात कशा तयार होतात ते दाखवणारी? आपल्या कारखान्याचा भाग अजूनही लागतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा, रविवारी दुपारी चारला. आधी बुटाचे ब्रश, मग आपली गरम पाण्याची पिशवी, मग कुलपं. आपल्या वाट्याला साडेचार मिनिटं, आणि त्यातली पहिली दीड मिनिटं नुसते दादांचे हात. लाल रबराचा ऊन ऊन गोळा दोन लोखंडी लाटण्यांमधून जातोय, पुढच्या लाटणीला गुंडाळला जातोय, दादा सुरीने तिरपा काप घेतायत, घडी घालतायत, परत आत सोडतायत. त्या दोन लाटण्यांना सगळे सासू-सून म्हणायचे, आठवतं? पुढची सावकाश फिरते, मागची भरभर, आणि मधे जे सापडेल त्याचं पीठ. त्या दीड मिनिटात दादांचे हात असे चालतात की पाहणाऱ्याला वाटावं, काम नाही, गाणं चाललंय.

ते दर वेळी बघतात. मी शेजारी बसते. त्या साडेचार मिनिटांत माझ्या हातून काही ना काही पडतंच. ताटली, वाटी, एकदा तर अख्खा डबा. दादा म्हणतात, तुझ्या हाताला भोक पडलंय.

गेल्या रविवारी मी साबण आणायला खाली गेले होते. वर येते तो शेजारची शिंपीणबाई आमच्या खोलीत. तिच्या नव्या फोनवर जुने भाग केव्हाही बघता येतात, हवं तिथे थांबवता येतात. तिने हौसेने दादांना त्यांचा भाग लावून दिला होता. दादा फोन अगदी नाकाशी धरून बसले होते. चित्र थांबवलेलं.

"इकडे ये," म्हणाले. "हिच्याकडे बघ."

चित्रात ती निवेदिका होती. पिवळी टोपी घातलेली, सगळे दात दाखवून हसणारी.

"बघितली. दहा वर्षं बघतेय."

"मी नव्हती बघितली. मी हातच बघत होतो. ही टेकलीय कशाला?"

यंत्राच्या पुढचा तो आडवा दांडा. तुम्हाला काय सांगायचं, दर महिन्याला त्याला तेल तुम्हीच द्यायचात. पोटाने जरा रेललं की सासू-सून दोघी जागच्या जागी उभ्या. हात सापडला तर माणसाला सुटायची ती एकच सोय. आणि ती निवेदिका त्या दांड्यावर कंबर टेकून उभी होती. चांगली रेलून, ओट्याला टेकावं तशी.

"टेकलीय. मग?"

त्यांनी अंगठ्याने चित्र चालू केलं. ती हसत बोलत होती आणि तिच्या मागे लाटणी फिरत होती.

"यंत्र चालू आहे," ते म्हणाले.

शिंपीणबाईला काही कळलं नाही. ती म्हणाली, "छान दिसता हो यात तुम्ही."

ती गेल्यावर म्हणाले, "म्हणजे मी दाबला होता."

दहा वर्षं हा माणूस स्वतःला एकच गोष्ट सांगत आलाय, की माझा डोळा लागला असणार, मी दांडा दाबलाच नसणार. चौकशीच्या कागदावरही तसंच लिहिलंय, आणि खाली त्यांचाच डावा अंगठा आहे. आता त्यांना कळलं की दांडा आधीच मेलेला होता. शूटिंग झालं तेव्हापासून, हात गेला त्याच्या दोन दिवस आधीपासून.

त्या दांड्याची जोडणी भिंतीवरच्या पेटीत असते आणि पेटीची किल्ली फिटरकडे. तेव्हा फिटर कोण होतं ते त्यांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही. सख्ख्या धाकट्या भावाचं नाव माणूस असं पटकन जिभेवर आणत नाही.

आणि आणखी एक. त्या मालिकेवाले परत येतायत. दहा वर्षांपूर्वीचे कारखाने आज कसे आहेत, असे काही भाग करतायत म्हणे. आपल्याकडे २४ तारखेला.

तुम्हाला काय काय आठवतं ते लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालतील.

वहिनी


११ फेब्रुवारी

भाऊजी,

उत्तर नाही. बरं.

कारखान्यात लगीनघाई चाललीय. जमिनीवर पिवळे पट्टे मारले, खिडक्या धुतल्या, पावडरीने पांढरे झालेले पंखेसुद्धा पुसले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की पंख्यांचा रंग निळा आहे. मोठे साहेब आता येत नाहीत, त्यांचे चिरंजीव बघतात. सगळे त्यांना धाकटे साहेब म्हणतात. वाईट नाहीत. नाव विचारून बोलतात. पण ऐकून घेईपर्यंत त्यांचं लक्ष पुढच्या माणसाकडे गेलेलं असतं.

सासू-सुनेवर आता मास्तर असतो. खराच मास्तर, त्याची शाळा बंद पडली म्हणून पंचेचाळिशीत इथे आला. कुठलंही काम सुरू करण्याआधी घसा खाकरतो. रबर नीट गुंडाळलं गेलं नाही की त्याला म्हणतो, "बस खाली, पुन्हा उभं राहायचं नाही." हात चांगला आहे. दादांसारखा नाही, पण चांगला.

काल धाकट्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, "वडील सांगायचे, मागच्या वेळी फार वेळ गेला. कॅमेरेवाल्याचा धक्का सारखा त्या दांड्याला लागायचा आणि दर दोन मिनिटांनी यंत्र बंद. शेवटी काहीतरी तोडगा काढला होता. काय काढला होता, कोणाला आठवतंय?"

खोलीत त्या वर्षापासूनची मी एकटीच होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मला यंत्रातलं काय कळतं, साहेब."

नवा फिटर कानावरची पेन्सिल काढून म्हणाला, "त्यात काय, पेटीत एक तार टाकली की झालं. दांडा आपला नावाला."

"एका दिवसापुरती," साहेब म्हणाले.

"एका दिवसापुरती," फिटर म्हणाला.

मास्तर शेजारीच उभा होता. हातावरची पावडर झटकत होता, खडू झटकावा तशी.

मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? हे मी तुम्हाला विचारत नाही, स्वतःलाच विचारतेय. पण लिहिल्याशिवाय मला विचारता येत नाही.

दादांचं वागणं बदललंय. सकाळी लवकर उठतात, एका हाताने पांघरुणाची घडी घालतात. शिंपीणबाईकडून तो भाग परत परत मागून बघतात. हात नाही बघत आता. आवाज बंद करून नुसता दांडा बघतात. काल जेवताना म्हणाले, "चोवीसला मी येणार."

"येऊन काय करणार?"

"बघणार."

ते बोलतात कमी हे तुम्हाला माहीत आहे. पण असं कमी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

तुम्ही लिहा.

वहिनी


१७ फेब्रुवारी

भाऊजी,

पाकीट मिळालं. दहा वर्षांनी तीन ओळी. त्यातही शाई कंजुषासारखी वापरलीय.

तुम्ही लिहिता: "वहिनी, तार मीच टाकली होती. राहिली आहे हे शुक्रवारी जिन्यात तुम्हाला सांगून गेलो होतो. दादाला तुम्ही सांगितलं नसेल, तर मीही सांगणार नाही."

वा. म्हणजे तार टाकायची तुम्ही आणि घरात बसलेल्या बाईने ती लक्षात ठेवायची! मला असलं काही आठवत नाही. शुक्रवारी तुम्ही सामान घेऊन गेलात, एवढं आठवतं. ट्रंकेची कडी जिन्याच्या भिंतीला लागून पोपडा पडला, तो अजून आहे. बोलणं झालं, पण ते भांडण होतं, निरोप नव्हता. आणि भांडणात माणूस हजार गोष्टी बोलतो.

आई गेली तेव्हा तुम्ही शाळेत होतात. तुमच्या पाटी-दप्तरापासून मी केलं. वेगळं राहायचं ठरवलंत तेव्हा मला म्हणालात, "मी काय जन्मभर तुमच्या पदराला बांधून घेतलंय का?" हे मात्र मला शब्दन् शब्द आठवतं. तार-बिर काही आठवत नाही.

तुमचं पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलंय. दादांना दाखवलेलं नाही. तुम्हीच लिहिलंयत ना, सांगणार नाही म्हणून.

वहिनी


२३ फेब्रुवारी

भाऊजी,

मागचं पत्र टाकलं आणि पेटीतून परत काढता येत नाही याचं वाईट वाटलं. खोटं लिहिलं होतं.

आज दुपारी नव्या फिटरने तार टाकली. मी टाकीतून पिशव्या काढत होते, तिथून पेटी दिसते. दोन मिनिटांचं काम. पेटीचं दार लावून त्याने फडक्याने हात पुसले आणि पेन्सिल कानावर ठेवली. मी ओल्या हातांनी तशीच मास्तरकडे गेले.

"मास्तर, दांडा बंद केलाय. उद्या पोटावर भरवसा ठेवू नका."

तो घसा खाकरून म्हणाला, "ठाऊक आहे, बाई. फिटरनेच सांगितलं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"एका दिवसाचाच असतो."

"नाही म्हणू तर दुसऱ्याला उभा करतील," तो म्हणाला. "आणि मग मी पुन्हा दारोदार."

म्हणजे सांगून काही होत नाही, असं वाटून मला क्षणभर इतकं हलकं वाटलं, भाऊजी. म्हटलं, बघ, सांगितलं असतं तरी दादा उभे राहिलेच असते. मग टाकीशी परत आले आणि स्वतःची लाज वाटली. मास्तरला निदान माहीत आहे. तो उद्या सुरी चार बोटं लांब धरेल. दादांना माहीत नव्हतं. ते रोजच्यासारखे जवळ उभे राहिले.

आता लिहिते.

शुक्रवारी तुम्ही ट्रंक घेऊन चार पायऱ्या उतरलात, मग परत वर वळून म्हणालात, "वहिनी, दादा पाळीवरून आला की त्याला सांगा, दांड्याची तार अजून आहे. मोठे साहेब म्हणाले, राहू दे, यंत्र मधे मधे थांबत नाही, माल जास्त निघतोय. मी सोमवारी हिशेब घ्यायला येईन तेव्हा काढतो. तोवर जपून." मी ऐकलं. सगळं ऐकलं. "सांगते" असंही म्हटलं नाही, दार लावून घेतलं.

दादा आले, जेवले, झोपले. शनिवारी सकाळी दाढी करत होते. भिंतीवरचा आरसा फुटला होता म्हणून मी हातात आरसा धरून समोर उभी होते, हातभर अंतरावर. तेव्हा मला आठवलं. शब्द तोंडात आले होते. पण ते सांगायचं तर "भाऊजी म्हणाले" असं म्हणावं लागणार होतं. आणि त्या दिवशी तुमचं नाव या घरात घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. एवढंच कारण. दुसरं काही नाही. दहा वर्षं मी याहून मोठं काहीतरी कारण शोधतेय, सापडत नाही.

ते म्हणाले, "जरा डावीकडे धर." मी धरला. ते कामावर गेले. अकरा वाजता बोलावणं आलं.

आणि तुम्ही पाठ फिरवलीत असं मी सगळ्यांना सांगते, पहिल्या पत्रात तुम्हालाही तसंच लिहिलं. तुम्ही रविवारी हॉस्पिटलात आला होतात. दाराबाहेर बाकावर बसला होतात, डोळे सुजलेले. मी बाहेर येऊन म्हटलं, "त्यांना तुमचं तोंड बघायचं नाहीये. पुन्हा येऊ नका." दादा तेव्हा शुद्धीवरही नव्हते. तोंड मला बघायचं नव्हतं, कारण तुम्ही समोर असतात तर कधीतरी बोलला असतात. तुम्ही गेलात आणि बोलला नाहीत. मी तुम्हाला घालवलं, आणि तुम्ही माझी लाज राखलीत.

चौकशीचा कागद मीच त्यांना वाचून दाखवला. "दांडा दाबला नाही" इथे मी जरा भरभर वाचलं. मग त्यांचा अंगठा धरून शाईत बुडवला.

उद्या ते येणार आहेत. शिंपीणबाईकडून शर्टाला इस्त्री करून आणलीय, उजवी बाही नीट दुमडून टाचली आहे. ते काय करणार मला माहीत नाही. घरात एक सुरी कमी दिसली म्हणून मी सगळी फळी उपसली. ती मोरीत सापडली, मीच विसरले होते. माझ्या डोक्यात काय काय येतंय त्यावरून ओळखा.

वहिनी


२६ फेब्रुवारी

भाऊजी,

आधी हे सांगते, की कोणाला काही लागलं नाही. मास्तर धड आहे.

सकाळी दहाला मालिकेवाले आले. दिवे, तारा, छत्र्या. निवेदिका तीच, आता केस पिकलेत, पण टोपी पिवळीच. दादा माझ्याबरोबरच आले होते. धाकट्या साहेबांच्या कपाळावर आठी आली, पण पाहुण्यांसमोर म्हणाले, "या, या, आमचे जुने कारागीर." निवेदिकेने दादांच्या बाहीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. म्हणाली, "मागच्या वेळी तुम्हीच होतात ना? तुमच्या हातांचं सगळे फार कौतुक करतात." आणि बोलून झाल्यावर जीभ चावली.

दादा म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही जिथे उभ्या होतात, तिथेच आज उभ्या राहाल का? जुन्या लोकांना तेवढीच गंमत."

तिला कल्पना आवडली. कॅमेरेवाल्यालाही. मास्तरने यंत्र चालू केलं, रबर सोडलं. ती हसत हसत गेली आणि दांड्याला कंबर टेकली.

दादा पुढे झाले. आवाज चढवला नाही. यंत्राच्या घरघरीत ऐकायला सगळ्यांना जवळ सरकावं लागलं.

"मास्तर, हा दांडा कशासाठी असतो?"

मास्तरने दांड्याकडे पाहिलं. सुरी तशीच हातात.

"सांगा की. तुम्ही शिकवलेलं आहे पोरांना. कशासाठी असतो?"

मास्तरने घसा खाकरला. वर्गात सांगावं तसं एक एक शब्द सुटा करून म्हणाला, "याला टेकलं, की यंत्र थांबतं."

मग फक्त यंत्राचा आवाज. निवेदिकेचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. तिने खाली दांड्याकडे पाहिलं, मग मान वळवून मागे फिरणाऱ्या लाटण्यांकडे, आणि तव्याला हात लागल्यासारखी झटक्यात बाजूला झाली.

"मागच्या वेळीही?" तिने विचारलं.

"मागच्या वेळीही. त्यानंतर दोन दिवसांनी," दादा म्हणाले. "तुमची चूक नाही, बाई. तुम्हाला काय माहीत."

धाकटे साहेब ओरडले, "कॅमेरा बंद करा आधी!" कॅमेरेवाल्याने बंद केला नाही. मास्तरने मागे जाऊन भिंतीवरचं बटण दाबलं, सुरी फळीवर ठेवली आणि म्हणाला, "मी आज उभा राहणार नाही." फिटर तार काढायला धावला. घाईत दोनदा हातातून पाना पडला. निवेदिका एका रिकाम्या पिंपावर पाणी न पिता, हातात पेला धरून बसून राहिली. अर्ध्या तासात त्यांनी सामान आवरलं. चित्रण बरोबर नेलं. काल सरकारी तपासनीस येऊन यंत्राला सील ठोकून गेला. मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय. चालायचंच.

हे सगळं बरं झालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं, घरी पोचेपर्यंत.

घरी आल्यावर दादा टेबलाशी बसले. म्हणाले, "आपल्या धाकट्याला बोलाव."

मी पाण्याचा तांब्या ठेवला.

"तारेचं काम त्याचंच. साहेबांनी करायला लावलं असणार, मला राग नाही. मला एकच विचारायचंय. तो असा निष्काळजी पोरगा नव्हता. काढता आली नाही, तर त्याने मला सांगितलं का नाही?"

हा प्रश्न ते मला विचारत नव्हते, भाऊजी. तुमच्यावर ढकलायला मोकळं रान होतं. तुम्ही तर लिहूनच दिलंयत.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "मला."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"कधी?"

"शुक्रवारी. जिन्यात."

"शनिवारी सकाळी मी काय करत होतो?"

"दाढी."

"आणि तू?"

"आरसा धरला होता."

त्यांनी डावा हात गालावरून फिरवला, जणू तेव्हाचा साबण अजून आहे. मग म्हणाले, "टीव्हीवर ती बाई दांड्याला टेकायची, तेव्हा नेमकी तुझ्या हातून ताटली पडायची."

मी तांब्या उगाच जरा सरकवला.

"दर वेळी."

"हो."

"मी वळून तुझ्याकडे बघायचो. तोवर पुढचं चित्र यायचं." ते थोडंसं हसले. ते हसू मला नको होतं. "दहा वर्षं माझ्या हातांच्या शेजारी बसून तू राखण करत होतीस."

मी तुमचं पत्र पिठाच्या डब्यामागून काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी तिन्ही ओळी वाचल्या. तिसरी दोनदा. मग पाकीट उलटून मागचा पत्ता वाचला, घडी करून खिशात टाकलं.

तेव्हापासून माझ्याशी बोलणं नाही. ओरडले नाहीत, जेवणाचं ताट सरकवलं नाही. वाढलेलं खातात, उठतात. काल स्वतः जाऊन एक तारखेच्या पहाटेच्या गाडीचं तिकीट काढून आणलं. एकच. परतीचं नाही. कपडे कापडी पिशवीत एका हाताने कोंबत होते, मी मदतीला गेले तर पिशवी दुसरीकडे नेली. विचारलं, "भाऊजींना कळवू का?"

"कळवू नकोस," म्हणाले. दोन दिवसांतला एवढाच शब्द.

म्हणून हे पत्र. कुरियरने टाकतेय, ते निघायच्या आत तुमच्या हातात पडेल. त्यांना नको असलं तरी पडेल. एकदा निरोप दाबून ठेवला, आता पुन्हा ते माझ्याच्याने होणार नाही.

त्यांच्या मनात काय आहे ते मला सांगता येत नाही. एकोणतीस वर्षांचा संसार, पण या दोन दिवसांतला चेहरा मी कधी पाहिलेला नाही. राग असता तर मला कळलं असतं. कदाचित ते तुम्हाला छातीशी धरतील. "तुम्ही दोघांनी मिळून दहा वर्षं मला माझीच चूक वाटू दिलीत," असंही म्हणतील. मग काय करतील, हे मी लिहीत नाही, लिहिलं की खरं व्हायची भीती वाटते. तुम्हाला घरातून बाहेर जायचं असेल तर जा, मी नावं ठेवणार नाही. पण तुम्ही जाणार नाही, हे मला माहीत आहे.

राहिलात, तर दुपारी साडेतीनच्या सुमाराला दाराकडे लक्ष ठेवा. ते कडी वाजवत नाहीत. हातात पिशवी असते, ती खाली ठेवायची त्यांना सवय नाही. कोणी उघडेपर्यंत ते दाराबाहेर नुसते उभे असतात.

वहिनी